सैल-घट्ट करून मिळेल

दुःख झालं की कुणी रडतं, कुणी भांडतं, कुणी पांघरूण ओढून पडून राहतं. ताई खायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. अंगाने भरलेल्या बाईने चार घास जास्त खाल्ले तर त्यात विचारण्यासारखं काय असतं? 'खात्यापित्या घरची दिसते' एवढं म्हणून लोक मोकळे होतात आणि आपल्या कामाला लागतात.

बाजाराच्या रस्त्यावर ताईचं छोटं दुकान होतं. नवे कपडे ती शिवत नसे. लोकांनी आणलेले कपडे सैल करायचे, घट्ट करायचे, आखूड करायचे, चेन बदलायची, हेच काम. दारावर पाटी होती, 'सैल-घट्ट करून मिळेल'. सुट्ट्या संपल्या की लोक पँटी घेऊन येत आणि काउंटरवर ठेवता ठेवता म्हणत, "धुऊन कापड आटलं हो." ताई मान डोलवायची. पोटं सुटतात आणि बोल कापडाला लागतो हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण गिऱ्हाइकाच्या पोटाचा विषय काढायचा नाही हा धंद्याचा नियम. ताईने लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

बाब्या तिच्या पाठचा भाऊ. कागदोपत्री त्याला भारदस्त नाव होतं, पण त्या नावाने हाक मारली की तो स्वतःच इकडेतिकडे बघायचा. छापखान्यात कामाला होता. बायको पोस्टात खिडकीवर बसायची, आणि शाळेत जाणारी एक मुलगी होती, तिला सगळे छोटी म्हणत. बरा चालला होता संसार. मग एका हिवाळ्यात बाब्याचे पाय सुजले, तोंडाची चव गेली, आणि तपासण्या होता होता कळलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. एक दिवसाआड हॉस्पिटलात जाऊन यंत्राला जोडून घ्यायचं, मोजूनमापून पाणी प्यायचं आणि कुणीतरी किडनी देईल याची वाट बघायची, असं सुरू झालं.

ताई एका शब्दात म्हणाली, "माझी घ्या." तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. घरात आनंदीआनंद. मग डॉक्टरीणबाईंनी ताईला वजनकाट्यावर उभं केलं आणि काट्याकडे बघून चष्मा काढला.

"तुमची किडनी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण इतक्या वजनाच्या माणसाला मी ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाही. तुमच्याच जिवाला धोका आहे. आणि पुढे उरलेल्या एका किडनीवर ताण येणार तो वेगळाच. आधी वजन उतरवा. दर महिन्याला इथे येऊन काट्यावर उभ्या राहा."

"त्यात काय!" भावजय लगेच म्हणाली. "आमच्या ताईंनी मनावर घेतलं की झालंच समजा."

सगळे हसले. ताईसुद्धा हसली. आणि घरी जाताना वाटेत बेकरीपाशी थांबली.

जी बाई दुःखात खाते तिला सांगायचं की खाऊ नकोस, नाहीतर भाऊ जाईल. आगीत तेल ओतणं याहून वेगळं काय असतं? ताईला भीती वाटत होती. भूल दिल्यावर परत जागच आली नाही तर, याची वाटत होती. आणि त्याहून जास्त, आपण किडनी दिली आणि तरीही बाब्या वाचला नाही तर, याची. पण बोलणार कुणाकडे? 'आमची ताई म्हणजे वाघीण' असं सगळे म्हणत. वाघीण घाबरल्याचं कधी कुणी ऐकलंय?

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा लावून जागा केली होती. आत एक स्टूल, दोन खुंट्या आणि भिंतीभर आरसा. गिऱ्हाईक नसलं की ताई समोरच्या बेकरीतून पिशवी आणायची, पडदा ओढायची आणि आरशाकडे पाठ करून उभ्याउभ्याच खायची. गोड पाव, बिस्किटं, केकचे तुकडे. चव लागायची ती पहिल्या घासाला. पुढचं सगळं नुसतं भरणं. खाऊन झालं की ती खाली वाकून चुरा गोळा करायची, तोंड पुसायची आणि मशीनवर येऊन बसायची. बेकरीवाला पिशवी हातात देताना विचारायचा, "पाहुणे आलेत वाटतं?" ताई म्हणायची, "हो ना, येतात मेले." तिच्याकडे त्या दिवसांत जितके पाहुणे येऊन गेले तितके एखाद्या लॉजमध्येही उतरत नसतील.

दर रविवारी ताई बाब्याकडे जेवायला जायची. एका रविवारी तिने निळा ड्रेस घातला. तो काखेत काचायला लागला होता म्हणून आदल्या दिवशी तिने त्याच्या बाजूच्या शिवणी उसवून तो सैल केला होता. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडलेलं असतं, त्याला शिंपी माया म्हणतात. चांगल्या शिंप्याने ती भरपूर सोडलेली असते. पण काम करताना ताईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिने गरजेपेक्षा फार जास्त माया मोकळी केली आणि ड्रेस अंगावर लोंबायला लागला. दुसरा काही इस्त्री केलेला नव्हता, म्हणून तिने तोच घातला.

दार उघडल्या उघडल्या भावजय ओरडली, "अगंबाई! ताई, ड्रेस केवढा ढगळ झालाय! किती उतरलात तुम्ही!"

छोटी धावत आली आणि ड्रेसचं कापड चिमटीत धरून ओढून बघायला लागली. "आत्या, यात मी पण मावेन!" आतल्या खोलीत बाब्या उशांना टेकून बसला होता. त्याने ताईकडे, तिच्या ड्रेसकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "शाब्बास, ताई."

'नाही गं, मीच सैल केलाय,' हे शब्द ताईच्या अगदी ओठांवर आले होते. पण भावजय भाजीचं भांडं तसंच हातात धरून रडत होती. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी आनंदाने रडत होतं. ताईने ते शब्द गिळले. गिळण्यात तिचा हातखंडा होताच.

पुढचं जाणूनबुजून झालं. तिने आपले सगळे ड्रेस एकेक करून उसवले. माया संपली तेव्हा तशाच रंगाचं कापड शोधून काखेखाली पट्ट्या जोडल्या, जिथे कुणाची नजर जात नाही. आपल्या हातातली कला तिने आपल्याच माणसांना फसवायला वापरली, आणि जोड इतके सफाईदार बसले की तिला स्वतःलाच कधीकधी सापडायचे नाहीत. हॉस्पिटलच्या काट्याकडे ती फिरकली नाही. "वजन केलंत का या महिन्यात?" भावजय विचारायची. "केलं ना. उतरतंय." "किती?" "उतरतंय हो, हळूहळू."

तुम्ही म्हणाल, त्या घरातल्या माणसांना डोळे नव्हते का? ताईचे गाल, दंड दिसत नव्हते का? दिसत असणारच. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी जाड आहे की बारीक हे बुडणारा बघत नाही.

भावजयीचा भाऊ जहाजावर नोकरीला होता. सुट्टीवर आला तेव्हा बहिणीकडे येऊन गेला. चहा पिता पिता म्हणाला, "माझीही तपासणी करून टाकू. वेळप्रसंगी हाताशी असलेली बरी." भावजयीने टेबलापलीकडे बसलेल्या ताईकडे, तिच्या ढगळ बाह्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "कशाला उगाच सुया टोचून घेतोस? ताईंचं होतच आलंय." तो हसून ताईला म्हणाला, "मग काय, तुम्ही आहात म्हटल्यावर आम्ही निर्धास्त." ताईने बोलायला तोंड उघडलं, आणि त्यात बिस्कीट घातलं. तो पुढच्या आठवड्यात जहाजावर निघून गेला.

आणि मग एका सकाळी भावजयीचा फोन आला. बाब्याला श्वास घेता येईना, छातीत पाणी भरलंय, हॉस्पिटलात आणलंय. "तुम्ही दुकानातच थांबा ताई, छोटीला शाळेतून आणावं लागलं तर कुणीतरी हवं. मी कळवते." ताईने हातातली पँट तशीच सुईला अडकवून ठेवली, दार लोटून घेतलं आणि रस्ता ओलांडला. बेकरीवाल्याने काही विचारलं नाही. तिचा चेहरा बघून त्याने नुसती पिशवी भरली.

भावजय स्वतःच आली. दार ढकलून आत शिरली आणि हाका मारायला लागली, "ताई! ताई, कुठे आहात? डॉक्टर म्हणतात आता थांबण्यात अर्थ नाही. पाणी काढलंय, तो शुद्धीवर आहे, पण हे असं फार दिवस चालायचं नाही. तुम्हाला घेऊन यायला सांगितलंय, आजच सगळं तपासून तारीख देतात!" आणि बोलता बोलता तिने पडदा सारला.

ताई तिच्या समोर उभी होती. गाल भरलेले, छातीवर चुरा सांडलेला, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात अर्धा पाव.

भावजयीने बघितलं आणि तिचा जीव कळवळला. "अहो, खा, खा. सकाळपासून काही पोटात नसेल तुमच्या. माझं लक्षच नाही बघा. तो घास संपवा आणि चला, बाहेर रिक्षा थांबलीय."

भावजय तिथे ओरडली असती तर बरं झालं असतं. ती काळजी करत होती.  ताईने तोंडातला घास गिळला आणि स्टुलावर बसली.

"मी येऊन उपयोग नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

ताईने ड्रेसची बाजू धरून उलटी केली आणि आतली शिवण दाखवली. जोडलेली पट्टी, तिचे दोरे, सगळं.

"काय बघू?" भावजयीला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"मी बारीक झालेली नाहीये गं. मी ड्रेस मोठे केलेत."

 भावजयीने बोटांनी ती पट्टी चाचपून बघितली. 

"माझा भाऊ आला होता, ताई," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तो तपासणी करतो म्हणाला होता. मी त्याला नको म्हटलं. तुमच्या देखत."

"हो."

"तुम्ही बिस्कीट खात होतात तेव्हा."

ताईने मान खाली घातली. 

"चला," भावजय म्हणाली. "हे बाब्याला तुमच्या तोंडाने सांगायचं. मी सांगणार नाही. मी दाराबाहेर उभी राहीन."

रिक्षात दोघी एका बाकावर बसल्या, पण मध्ये हातभर जागा होती. ताईसारख्या बाईला शेजारी घेऊन रिक्षात हातभर जागा सोडायची म्हणजे भावजयीने स्वतःला किती आक्रसून घेतलं असेल ते बघा.

बाब्या नाकाला नळी लावून पडला होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं, ओठ फुटले होते. ताई पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसली. काय काय म्हणायचं ते तिने वाटेत जुळवलं होतं, पण ते सगळं विसरली.

"बाब्या, माझं वजन उतरलेलं नाही रे."

"माहितीये."

"कधीपासून?"

"निळ्या ड्रेसपासून." त्याने नळी जरा सरळ केली. "आई शिवायची तेव्हा उसवायचं काम कुणाचं असायचं? ब्लेड घेऊन मीच बसायचो ना तिच्या पायाशी. जुनी शिवण उसवली की तिथलं कापड गडद निघतं आणि सुईच्या भोकांची रांग दिसते. तू त्या दिवशी खिडकीच्या उजेडात उभी होतीस."

 इतके रविवार ताई त्याच्यासमोर बसून खोटं वागत होती, आणि हा बघत होता.

"मग बोलला का नाहीस?"

 "सगळे तुझ्या ड्रेसकडे बघायचे. माझ्या पाण्याकडे कुणी बघत नव्हतं. न्हाणीघरात गेलो की नळाला तोंड लावायचो. घटाघटा. तुला सांगतो ताई, तहान म्हणजे काय ते मला कालपर्यंत माहीत नव्हतं असं रोज वाटतं."

"म्हणून आज हे..."

"म्हणूनच." त्याने फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "आणि दुसरं म्हणजे, तू बारीक झाली नाहीस तर तुला कापणार नाहीत. त्याचं मला बरं वाटायचं. मला भीती वाटते गं. तू टेबलावर गेलीस आणि काही झालं तर? ते मी घेऊन जगू कसा?"

"मलाही वाटते," ताई म्हणाली.

एवढंच म्हणाली, पण म्हणताना तिचा आवाज फाटला आणि ती खुर्चीत बसल्या बसल्या हुंदके द्यायला लागली. बाब्याने पांघरुणाखालून हात काढून तिच्या गुडघ्यावर ठेवला. इतके दिवस ज्याला ती भूक म्हणत आली होती, ते त्या रडण्यात जरा निवलं. गेलं नाही. पण निवलं, एवढं तिला कळलं.

डॉक्टरीणबाईंनी ताईला काट्यावर उभं केलं. वजन पहिल्या वेळेपेक्षा वाढलेलं होतं. त्या रागावतील असं ताईला वाटत होतं. त्या फक्त दमल्यासारख्या दिसल्या आणि तिला खालच्या मजल्यावर आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तिथे ताई शिक्षेला तयार होऊन बसली होती. हे बंद, ते बंद, उकडलेलं खा. पण त्या बाईंनी वेगळंच विचारलं.

"शेवटचं खाल्लंत, त्याच्या आधी काय झालं होतं?"

"फोन आला होता. भावाला दाखल केल्याचा."

"भूक लागली होती?"

"नाही."

"मग पावाने काय केलं?"

असं ताईला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिने खरंच विचार केला. "थोडा वेळ काही ऐकू येईनासं झालं," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली. "काय खायचं ते मी सांगेन. ते सोपं आहे. पण हे एकटीने उतरायचं नाही. उभ्याने खाऊ नका आणि एकटीने खाऊ नका. घरात कुणी आहे?"

"आहे," ताई म्हणाली. "पण ती माझ्याशी बोलत नाही."

बाब्या घरी आला तरी भावजय बोलली नाही. ताई फोन करायची, छोटी उचलायची आणि म्हणायची, "आई कामात आहे." मग एका संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला भावजय दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"उद्यापासून संध्याकाळचं जेवण आमच्याकडे," ती म्हणाली. "मी माफ केलेलं नाही, तेवढं लक्षात ठेवा. भावाला कळवलंय मी जहाजावर. तो म्हणतो आता बायको नको म्हणते. तेव्हा फिरून फिरून तुम्हीच. यायचं, टेबलावर सगळ्यांसमोर बसून जेवायचं. आणि दिवसभरात चोरून जे पोटात गेलं असेल ते जेवायच्या आधी सांगायचं. तुम्ही पण आणि तो पण. मी ओरडणार नाही. ओरडायला माझ्यात काही उरलेलं नाही."

अशी त्या घराची एक रीत पडली. जेवण वाढून व्हायचं, आणि घासाला हात लावायच्या आधी ताई म्हणायची, "दुपारी दोन गोड पाव." बाब्या म्हणायचा, "आंघोळीच्या वेळी तीन घोट." पहिल्या दिवशी दोघांचेही कान लाल झाले होते. छोटीला वाटलं हा खेळ आहे; ती म्हणाली, "मी शाळेत खडू चाटला," आणि बऱ्याच दिवसांनी टेबलावर कुणीतरी हसलं. भावजय हसली नाही, पण तिने त्या दिवशी ताईला स्वतःहून वाढलं.

ताईने बेकरीवाल्याला जाऊन सांगितलं, "माझ्याकडे पाहुणेबिहुणे कुणी येत नाहीत. मी मागितलं तरी देऊ नका." तो म्हणाला, "असं कसं ताई, धंदा आहे माझा." पण दुसऱ्या दिवसापासून ती दारात दिसली की तो आत काहीतरी शोधायला जायचा आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही. एकदा तिचा इतका संताप झाला की ती दुसऱ्या गल्लीतल्या बेकरीत गेली. ते तिने टेबलावर सांगितलं नाही. रात्रभर खात राहिलं मनाला, आणि मग दुसऱ्या दिवशी सांगितलं. सरळ रेघ नव्हती ती. चार दिवस बरे जायचे, मग बाब्याचे हात यंत्रावरून सुजून यायचे आणि ताई परत पडद्याआड सापडायची. पण आता पडद्याआड गेली की ती बाब्याला फोन लावायची. तो हॉस्पिटलात यंत्राला जोडलेला असायचा, तोंड कोरडं पडलेलं. "पाव हातात आहे," ती म्हणायची. "माझ्या समोरचा माणूस बर्फ चघळतोय," तो म्हणायचा. मग दोघं फोन न ठेवता नुसते थांबायचे, बहुतेक वेळा जीव घेणारी ती पाच-दहा मिनिटं निघून जायची, आणि काही वेळा जायची नाहीत.

वजन उतरलं. खरंखुरं उतरलं. चेहऱ्यावरून कळायला लागलं. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "ताई, बऱ्या आहात ना? आजारीबिजारी नाही ना?" कारण जाड माणूस बारीक झाला की लोकांना आधी आजारच सुचतो.

पुढचा उन्हाळा सुरू होता होता तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. ताई चपला काढून काट्यावर चढली. बाईंनी काटा बघितला, मागचे आकडे बघितले आणि मनापासून हसल्या.

"छान! फार कष्ट घेतलेत तुम्ही. असंच चालू ठेवा."

"म्हणजे तारीख..." भावजय म्हणाली.

"अजून नाही. आणखी बरंच उतरायला हवं. पावसाळा संपेपर्यंत बघू."

बाब्याने ताईकडे बघून मान हलवली, काही हरकत नाही अशी. भावजयीने डॉक्टरांचे आभार मानले. पर्स उघडली, त्यात काही शोधलं, परत बंद केली.

संध्याकाळी छोटी शेजारी खेळायला गेली होती. टेबलावर तिघंच. ताईने सांगितलं, "आज काही नाही. येताना बेकरीपाशी पाय अडखळले, पण घेतलं नाही." बाब्या म्हणाला, "दोन घोट. घरी आल्याबरोबर." भावजय डाव हातात धरून उभीच होती.

"मी पण सांगू?" तिने विचारलं.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. "तू काय चोरून खातेस?" बाब्या थट्टेने म्हणाला.

"खात नाही काही." डाव तिने भांड्यात ठेवला, पण तो बाहेर घसरला आणि टेबलावर पडला. "आज त्या 'अजून नाही' म्हणाल्या ना, तेव्हा माझ्या मनात आलं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. मी सुटेन तरी. असं आलं. तू शेजारी बसला होतास आणि माझ्या मनात हे आलं."

ती खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाब्या आपल्या ताटाकडे बघत राहिला. ताईचा हात आपोआप पावाच्या टोपलीकडे गेला. रडणाऱ्या माणसासाठी तिला दुसरं औषध माहीतच नव्हतं. तुकडा मोडावा, लोणी लावावं, 'खा गं, बरं वाटेल' म्हणून हातात द्यावा आणि एक आपणही घ्यावा. तुकडा तिने मोडलाही. मग तो टोपलीत ठेवला, उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि भावजयीच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली.

"माझ्याही मनात येतं," ती म्हणाली. "किती वेळा येतं."

भावजयीने तोंडावरचे हात काढले. तिच्या नजरेत राग होता, जुना, आणि आणखीही काही होतं. ताईने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

"तुम्हाला दोघींना येतं होय?" बाब्या ताटाकडे बघतच म्हणाला. "मला वाटलं मला एकट्यालाच येतं."

  ताटं वाढलेली होती, वाफ हळूहळू विरत गेली, आणि ताई आयुष्यात कधी नव्हे ती समोरचं जेवण गार होऊ देऊन बसून राहिली.